वासाचा जमाखर्च

(सामुदायिक रेडिओवर दिलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

कोणी गोठ्यात असाल, कोणी भाकऱ्या थापत असाल, कोणी गटाच्या बैठकीत मधोमध रेडिओ ठेवून बसल्या असाल. हातातलं काम चालू दे, कान तेवढे इकडे द्या.

मागच्या महिन्यात एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. गाव एमआयडीसीला अगदी लागून. हप्ते गोळा झाले, पापडाच्या ऑर्डरचं बोलणं झालं, चहा आला. तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "ताई, तुम्ही केमिकल कंपनीत होता ना? मग एक सांगा. तो वास रात्रीच का येतो?" बायका हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. कारण मावशींच्या मांडीवर त्यांचा नातू होता आणि त्याची छाती घरघरत होती.

त्या प्रश्नाचं उत्तर दोन वाक्यांत देता आलं नाही, म्हणून आज इथे बसले आहे. कारखान्यात नको असलेला वायू तयार कसा होतो, तो पकडतात कसा, कधी निसटतो, आणि आपण बायकांनी काय विचारायचं, एवढंच आज बोलू.

आधी माझ्याबद्दल. मी कोकणातलीच. रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी केलं आणि औषधाचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये नऊ वर्षं काम केलं. माझं माहेर त्याच कारखान्यापासून दोन किलोमीटरवर. म्हणजे कारखान्याचा पगार आमच्या घरात यायचा आणि कारखान्याचा वासही. दोन्हीचा हिशेब मला ठाऊक आहे.

आता वायू होतो कसा ते बघू. पातेल्यात मिरचीची फोडणी दिली की ठसका लागतो. आपल्याला हवी असते भाजी, ठसका नको असतो, पण तो येतोच. कारखान्यातही तसंच. हवा असतो एक पदार्थ, त्याच्याबरोबर दुसरा आपोआप तयार होतो. आमच्याकडे एक द्रव वापरायचे, थायोनिल क्लोराईड नावाचा. औषधं, रंग, कीटकनाशकं अशा पुष्कळ कारखान्यांत तो वापरतात. रसायनवाल्यांना तो आवडतो, कारण काम झाल्यावर त्याचं जे उरतं ते सगळं वायू होऊन भांड्याबाहेर जातं. माल स्वच्छ मिळतो. पण भांड्याबाहेर गेलं म्हणजे जगाबाहेर गेलं असं नाही ना? ते दोन वायू असतात. एक हायड्रोजन क्लोराईड. तो पाण्यात विरघळला की त्याचंच हायड्रोक्लोरिक आम्ल होतं, संडास धुवायच्या अॅसिडमध्ये असतं तेच. दुसरा सल्फर डायऑक्साईड. आगकाडी ओढल्यावर नाकात शिरतो तो झणका. दोन्ही वायू डोळ्यांना झोंबतात, घसा धरतात, आणि दम्याच्या माणसाला तर सल्फर डायऑक्साईड थोडासाही पुरतो. झाडांनाही चालत नाहीत. पानांच्या कडा जळाल्यासारख्या होतात.

किती वायू होतो, याचं गणित पक्कं असतं. ११९ किलो थायोनिल क्लोराईड पूर्ण वापरलं, की ६४ किलो सल्फर डायऑक्साईड आणि साडेछत्तीस किलो हायड्रोजन क्लोराईड बाहेर पडणार. कमी नाही, जास्त नाही. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

मग हे वायू पकडायचे कसे? त्यासाठी असतो स्क्रबर. नाव इंग्रजी, पण काम आपल्या ओळखीचं. उन्हाळ्यात वाळ्याचा कूलर पाहिला असेल. वाळ्यावर वरून पाणी ठिबकतं आणि त्या ओल्या वाळ्यातून पंखा हवा ओढतो. हवेतली धूळ पाण्याला चिकटते, हवा गार होऊन पुढे येते. स्क्रबर म्हणजे तसाच एक उंच उभा नळकांडा. आत वाळ्याऐवजी प्लास्टिकच्या नाहीतर चिनी मातीच्या पोकळ कड्या खच्चून भरलेल्या. वरून पाण्याची धार, खालून वायू. वायू त्या ओल्या कड्यांमधून वळसे घेत वर जातो आणि जाता जाता पाण्यात विरघळतो. कड्या कशाला? पाणी पसरायला. एका तांब्यातलं पाणी जमिनीवर ओतलं तर एकच ओघळ होतो. तेच गवताच्या पेंढीवर ओतलं तर काडी न् काडी ओली होते. जेवढं ओलं अंग जास्त, तेवढा वायू जास्त धरला जातो.

पण सगळे वायू पाण्याला सारखेच वश होत नाहीत. हायड्रोजन क्लोराईड पाण्याचा फार हावरा. एक लिटर पाणी त्याचे चारशे लिटरहून जास्त पिऊन टाकतं. सल्फर डायऑक्साईड मात्र एक लिटर पाण्यात साधारण चाळीस लिटरच मावतो, आणि तोही पाणी जरा तापलं की पुन्हा सुटून बाहेर येतो. म्हणून दोन टॉवर एकामागे एक लावतात. पहिल्यात साधं पाणी. तिथे हायड्रोजन क्लोराईड अडकतो, त्याचं आम्ल होतं, ते टाकीत साठवून विकता येतं. दुसऱ्या टॉवरमध्ये पाण्यात कॉस्टिक सोडा घातलेला असतो. जेवणानंतर जळजळलं की आपण खायचा सोडा पाण्यातून घेतो, तो पोटातलं आम्ल मारतो. कॉस्टिक हा त्याचाच जहाल भाऊ. सल्फर डायऑक्साईड आला की कॉस्टिक त्याला धरतो, त्याचं मीठ करून पाण्यात बसवतो. मग तो सुटत नाही.

इथेच मेख आहे. कॉस्टिक संपतो. डाळीत मीठ कितीही वेळा ढवळलं म्हणून वाढत नाही, तसं तेच पाणी कितीही फिरवलं तरी कॉस्टिक संपला की संपला. पंप चालू दिसतो, पाणी पडताना दिसतं, मीटरवर वीज पडत असते, आणि वायू मात्र सरळ वर निघून जात असतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, यंत्र चालू आहे. म्हणून दर थोड्या तासांनी त्या पाण्याचा नमुना काढून कॉस्टिक किती शिल्लक आहे ते तपासावं लागतं.

ते तपासणं माझं काम होतं. नमुन्यात एका औषधाचे दोन थेंब टाकायचे. कॉस्टिक असेल तर पाणी गुलाबी होतं. मग मोजून आम्ल घालत गुलाबी रंग जाईपर्यंत बघायचं, त्यावरून आकडा निघतो. तुम्ही म्हणाल, ही सगळी कॉलेजची विद्या. नाही हो. हळदीवर चुना पडला की ती लाल होते, आपल्या आज्या याच युक्तीने कुंकू करायच्या. हळदीचा डाग पडलेल्या लुगड्याला साबण लागला की तो लाल होतो, हे आपल्यातल्या प्रत्येकीनं पाहिलं आहे. चुना, साबण, कॉस्टिक सगळे एकाच जातीचे. त्यांची खूण रंगाने पटते. माझ्या लॅबमधला गुलाबी रंग आणि तुमच्या कुंकवाचा लाल, दोघांचं काम एकच. पण कॉस्टिकला हात लावून बघायला जाऊ नका बरं, तो कातडं भाजतो.

एक दिवस दुपारी नमुना आला. दोन थेंब टाकले. रंग आलाच नाही. मला वाटलं, औषधच खराब झालं. दुसरी बाटली घेतली. तरी नाही. म्हणजे टाकीत कॉस्टिक उरलाच नव्हता. मी प्लँटवर गेले, लॉगबुक बघायला. लॉगबुक म्हणजे दर तासाचे आकडे लिहायची वही. दुपारचे दोन वाजले होते. वहीत संध्याकाळी सहापर्यंतचे आकडे भरलेले होते. सुंदर अक्षर, एकसारखे आकडे, एकाही ठिकाणी खाडाखोड नाही.

ज्या मुलाने ते भरले होते तो आमच्याच वाडीतला, कंत्राटी. त्याला बोलून काय उपयोग? त्याच्या एकट्याकडे तीन माणसांचं काम होतं. कॉस्टिकची गाडी दोन दिवस आली नव्हती आणि बॅच थांबवायची नाही असं वरून सांगितलेलं. मी खरा आकडा लिहिला, शून्य, आणि खाली सही केली. साहेबांनी बोलावलं. म्हणाले, "मॅडम, एवढं करायची गरज होती का? तोंडी सांगायचं." मी म्हटलं, "साहेब, तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं, आणि वारा आमच्या वाडीकडे जातो." हे धाडसाने बोलले असं समजू नका. पाय लटपटत होते. नोकरीवर घर होतं. बॅच थांबवली, तीन तासांनी शेजारच्या युनिटमधून कॉस्टिक आणला, मग काम पुढे सुरू झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन. "गो बाय, काल रात्री वास नाय आला." तिला यातलं काही माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही. पण तेव्हा मला कळलं की आमच्या पडवीत येणारा वास आणि त्या वहीतले सुबक आकडे यांचं नातं काय आहे.

आता मावशींचा प्रश्न. वास रात्रीच का येतो? याची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही खरी आहेत.

पहिलं उत्तर हवेचं. थंडीत संध्याकाळी चुलीचा धूर वाडीवर आडवा पसरलेला पाहिला असेल. वर जातच नाही. कारण सूर्य मावळला की जमीन गार होते, जमिनीलगतची हवा गार आणि जड होते, आणि वर तुलनेनं ऊबदार हवेचा थर गोधडीसारखा पसरतो. धूर त्या गोधडीखाली कोंडतो. दिवसा ऊन असतं, हवा वर उसळते, धूर उंच जाऊन विरतो. शिवाय किनाऱ्याजवळ दिवसा खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे वाहतात आणि रात्री मतलई वारे उलटे. म्हणून दिवसा ज्या वाडीला त्रास नाही तिला रात्री होतो. म्हणजे कारखान्यातून दिवसरात्र सारखाच वायू सुटत असला, तरी आपल्याला तो रात्री जास्त जाणवेल.

दुसरं उत्तर माणसाचं. रात्री तपासणीला कोणी येत नाही. मोठा पंखा आणि पंप वीज खातात, कॉस्टिकला पैसे पडतात. कोणी म्हणतं, दोन तास बंद ठेवलं तर काय होतंय. सगळे असं करतात असं मी म्हणणार नाही. चोख काम करणारे कारखाने मी पाहिले आहेत, जिथे पंप बंद पडला की रसायन सोडणारा नळ आपोआप बंद होतो, कोणाच्या मर्जीवर काही राहत नाही. पण दुसऱ्या प्रकारचेही आहेत.

मग आपला वास हवेमुळे की माणसामुळे, हे ओळखायचं कसं? वही ठेवून. त्याच्याकडे येते. त्याआधी दोन गोष्टी सांगते, कारण हा त्रास आपल्याच नशिबी आलाय असं नाही.

पहिली गोष्ट इंग्लंडची, पावणेदोनशे-दोनशे वर्षांपूर्वीची. साबण आणि काच करायला धुण्याचा सोडा लागतो. निकोला लेब्लां नावाच्या फ्रेंच माणसाने मिठापासून सोडा करायची रीत काढली, १७९१ साली तिचं पेटंट घेतलं. इंग्लंडमध्ये लिव्हरपूल, सेंट हेलेन्स, विडनेस या भागात त्या रीतीचे मोठमोठे कारखाने उभे राहिले. मिठावर गंधकाचं आम्ल ओतलं की हायड्रोजन क्लोराईड सुटायचा. तोच, आपला पहिल्या टॉवरवाला. तो सरळ धुराड्यातून सोडायचे. आसपासची झाडं वाळली, पिकं करपली, माणसं खोकू लागली. जमीनदार कोर्टात गेले. कारखानदारांनी काय केलं? धुराडी आणखी उंच केली. म्हणजे त्रास शेजारच्या गावाऐवजी त्यापलीकडच्या गावाला.

मग विल्यम गॉसेज नावाच्या कारखानदाराने १८३६ मध्ये एक युक्ती केली. त्याच्याजवळ एक बंद पडलेली पवनचक्की होती. तिच्या उंच पोकळ बांधकामात त्याने काटक्या-झुडपं भरली, वरून पाणी सोडलं आणि खालून वायू. झालं, स्क्रबर तयार. आजच्या प्लास्टिकच्या कड्यांची आजी म्हणजे त्या काटक्या. युक्ती सापडली, पण सगळ्यांनी लगेच वापरली का? नाही. खर्च कोण करणार? त्यासाठी १८६३ मध्ये कायदा यावा लागला. शंभर किलो वायू झाला तर निदान ९५ किलो पकडलाच पाहिजे, असा तो कायदा. आणि तो बघायला निरीक्षक नेमला, रॉबर्ट अँगस स्मिथ. आम्लाचा पाऊस हे नाव रूढ केलं तेही याच माणसाने. कायदा आणि तपासणारा माणूस दोन्ही आल्यावर कारखान्यांना ते जमलं. म्हणजे सत्तावीस वर्षं उपाय हाताशी होता, पाळायला लावणारं कोणी नव्हतं.

त्यातही एक फसगत झाली. वायू पाण्यात पकडला, पण ते आम्लाचं पाणी सोडलं ओढ्यांत. हवा सुधारली, पाणी नासलं. पुढे त्याच आम्लापासून क्लोरीन आणि त्यापासून ब्लीचिंग पावडर करायला लागले, तेव्हा फेकून द्यायची गोष्ट विकायची झाली. म्हणून म्हणते, नुसतं "स्क्रबर आहे का" विचारू नका. स्क्रबरचं पाणी जातं कुठे, हेही विचारा. टाकीत जातं, शुद्धीकरणाला जातं, की पहिल्या पावसात नाल्यात?

दुसरी गोष्ट तुम्हाला माहीत आहे. भोपाळ. १९८४ च्या डिसेंबरच्या २ आणि ३ तारखेमधली रात्र. टाकीत पाणी शिरलं, आतलं मिथाईल आयसोसायनेट तापलं आणि सुमारे चाळीस टन विषारी वायू झोपलेल्या वस्त्यांवर पसरला. हजारो माणसं गेली, लाखोंना त्रास झाला. त्या कारखान्यातही कॉस्टिकचा स्क्रबर होता. पण त्या काळात तो चालू स्थितीत नव्हता, नुसता तयारीत ठेवलेला होता. उरलेला वायू जाळायची ज्योतही होती, पण तिच्या नळाचा तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला होता. टाकी गार ठेवणारं यंत्र काही महिन्यांपासून बंद होतं. आणि हेही खरं की स्क्रबर चालू असता तरी एवढा लोंढा त्याला झेपला नसता. त्याची ताकद त्याहून फार कमी होती. म्हणून एवढा साठा ठेवायचाच कशाला, हा प्रश्न स्क्रबरच्याही आधीचा.

भोपाळनंतर देशात कायदे झाले. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांनाही द्यायची जबाबदारी कारखान्यावर आली. मोठ्या धोक्याच्या कारखान्यांसाठी कुंपणाबाहेरच्या गावांचाही आपत्कालीन आराखडा लागतो, तो जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर असतो. हे सगळं त्या रात्री गेलेल्या माणसांच्या जिवावर मिळालेलं आहे. ते वापरायचं नाही तर कशाला?

आता वापरायचं कसं ते बघू.

पहिलं, वासाची वही. बचत गटाची वही आपण चोख ठेवतो, तशीच एक. पाच रकाने. तारीख, वेळ, वास कसा, वारा कुठून, कोणाला काय त्रास. वारा बघायला उदबत्तीचा धूर पुरतो. वासाची नावं आपल्या शब्दांत लिहा. आगकाडीसारखा, म्हणजे बहुधा सल्फर डायऑक्साईड. ब्लीचिंग पावडरसारखा, म्हणजे क्लोरीन. गोठ्यातल्या मुतासारखा झोंबणारा, म्हणजे अमोनिया. सडक्या अंड्यासारखा, म्हणजे हायड्रोजन सल्फाईड. या शेवटच्या वायूबद्दल एक सांगते. तो फार झाला की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. वास थांबला म्हणजे वायू गेला असं धरू नका. धुराकडेही बघा. नुसती वाफ असेल तर थोड्या अंतरावर विरून जाते. आम्लाचं धुकं पांढरं राहून लांबवर तरंगत जातं.

ही वही एकीने नाही, चार वाड्यांतल्या चौघींनी ठेवायची. दोन महिन्यांनी एकत्र बसून मांडा. वास फक्त थंडीच्या निवांत रात्रींचाच असेल तर हवेचा हात मोठा. पण भन्नाट वारा असलेल्या रात्रीही येत असेल, सुट्टीच्या दिवशी जास्त येत असेल, ठरावीक वेळेलाच येत असेल, तर ते माणसाचं काम असण्याची शक्यता जास्त. अशी वही हातात असली की "तुम्हाला सवयच आहे तक्रारीची" असं कोणी म्हणू शकत नाही.

दुसरं, कागद. अशा रसायनाच्या कारखान्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लागतं. कोणता माल किती करायचा, कोणत्या धुराड्याला कोणतं यंत्र लावायचं, पाणी कुठे सोडायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. ते पत्र आणि तपासणीचे अहवाल माहितीच्या अधिकारात मागता येतात. साध्या मराठीत अर्ज, दहा रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तेही नाही. तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं. अर्ज गटातल्या एखादीच्या नावावर करा, मजकूर सगळ्यांनी मिळून ठरवा.

तिसरं, प्रश्न. ग्रामसभेत, मंडळाच्या अधिकाऱ्यासमोर, नाहीतर कारखान्याच्या माणसापुढे हे विचारा. तुमच्याकडे कोणते वायू होतात आणि कोणता कुठल्या टॉवरला जातो? पंप बंद पडला तर दुसरा आहे का, वीज गेली तर जनरेटरवर स्क्रबर चालतो का, आणि स्क्रबर थांबला की रसायन आपोआप थांबतं का? वापरलेलं पाणी कुठे जातं? भोंगा वाजला तर आम्ही कोणत्या दिशेला जायचं, आणि त्याची रंगीत तालीम गावाबरोबर कधी करणार?

आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, हिशेबाचा. मघाचे आकडे आठवा. ११९ किलो थायोनिल क्लोराईडमागे ६४ किलो सल्फर डायऑक्साईड. तो पुरता पकडायला कोरडा कॉस्टिक लागतो ८० किलो. टँकरने येणाऱ्या पातळ कॉस्टिकमध्ये साधारण निम्मं पाणी असतं, म्हणजे तो १६० किलोच्या आसपास हवा. आता महिन्याला थायोनिल किती आलं आणि कॉस्टिक किती आला, दोन्ही पावत्या शेजारी ठेवा. कॉस्टिक फारच कमी आला असेल, तर वायू कुठे गेला? लॉगबुकात खोटा आकडा लिहिता येतो, खरेदीच्या पावत्यांचा ताळा जमवणं अवघड असतं. ही तपासणी मंडळाचा अधिकारी करू शकतो. आपण त्याला म्हणायचं, साहेब, जमाखर्च तपासा. बचत गटाच्या बाईला जमाखर्चातली तूट कोणी शिकवायला नको.

चौथं, स्वतःला जपणं. कधी खरोखरच गळती झाली तर घाबरून वाऱ्याबरोबर पळू नका, वायूही तिकडेच जात असतो. वाऱ्याला आडवं, बाजूला निघा. हायड्रोजन क्लोराईड, सल्फर डायऑक्साईड, क्लोरीन हे हवेपेक्षा जड असतात, सखल जागी साचतात. म्हणून ओढ्यात, खड्ड्यात लपू नका, उंचावर जा. पदर ओला करून नाकातोंडावर धरा. हे वायू पाण्यात विरघळतात हे आज आपण शिकलोच, म्हणजे ओला पदर हा आपला छोटा स्क्रबर. मात्र तो थोडा वेळच साथ देतो, त्याच्या भरवशावर थांबू नका. बाहेर पडता येत नसेल तर दारं-खिडक्या लावून फटींत ओली फडकी कोंबा. डोळ्यांत गेलं तर स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. म्हातारी माणसं आणि लेकरं कोणी उचलायची हे आधीच ठरवून ठेवा, त्या वेळी सुचत नाही.

शेवटचं एक. कारखाना बंद करा असं मी म्हणत नाहीये. आपल्या घरातली पोरं तिथे कामाला आहेत. स्क्रबरजवळ पहिला श्वास त्यांचाच जातो. कॉस्टिक नसताना बॅच चालली, तर आपल्या पडवीत वास येण्याआधी तो आपल्या पोराच्या छातीत गेलेला असतो. म्हणून हे भांडण गाव विरुद्ध कामगार असं होऊ देऊ नका. रात्री मुलगा पाळीवरून आला की जेवायला वाढताना सहज विचारा, आज कॉस्टिक होता का रे? त्याला वाटू दे की हे विचारणारं घरात कोणीतरी आहे. उद्या वहीत खोटा आकडा लिहिताना त्याचा हात जरा अडखळेल, आणि त्याच्यावर दबाव आला तर तो निदान आपल्याला येऊन सांगेल.

मावशी, तुम्ही ऐकत असाल तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं लांबलं. वही आजच सुरू करा. पहिल्या पानावर आजची तारीख घाला, आणि आज वास आला नसेल तर तेही लिहा. "आज वास नाही." तीही नोंदच आहे.

येते मी. नमस्कार.